तळपायाची आग नेमकी कुठे लागते? भावना शरीरात ओळखण्याची रीत

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या फाटकासमोर गेल्या महिन्यात कुणीतरी ॲक्टिव्हा आडवी लावून गेलं. अर्ध्या तासाने मालक उगवला आणि हसत म्हणाला, "बे मिनिट तो थया, काका!" (दोन मिनिटंच तर झाली!) माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नंतर पाहिलं तर दाढा आवळलेल्या, खांदे कानांपर्यंत चढलेले, मुठी वळलेल्या. रागावलोय हे मला कळायच्या आधी अंगाला कळलं होतं.

मराठीला हे जुनंच ठाऊक आहे. भीतीने पोटात गोळा येतो, दुःखाने घसा दाटतो, हताश माणसाचे हातपाय गळतात. लाऊरी नुम्मेनमा या फिनिश संशोधकाच्या गटाने 2013च्या अखेरीस एक अभ्यास प्रसिद्ध केला. फिनलंड, स्वीडन आणि तैवानमधल्या सुमारे 700 जणांनी त्यात माणसाच्या आकृतीवर रंग भरले: अमुक भावनेत कुठे जोर वाढतो, कुठे ओसरतो. रागात डोकं, छाती आणि हात रंगले. नैराश्यात हातपाय थंडावले. ही मोजमापं नव्हेत, लोकांनी सांगितलेले अनुभव आहेत. तरी आपल्या वाक्प्रचारांशी किती जुळतात बघा.

आता करायचं कसं? आधी जागा शोधा. कारण शोधू नका, ते मागाहून. खुर्चीत पाय जमिनीला टेकवून बसा आणि कपाळ, जबडा, घसा, छाती, पोट, तळहात असं वरून खाली एकेक जाऊन बघा. पहिल्यांदा काहीच जाणवणार नाही, निदान मला तरी जाणवलं नव्हतं.

जागा सापडली की तिला साधं नाव द्या: घट्ट, जड, गरम, पोकळ, मुंग्या आल्यासारखं. "त्याने माझा अपमान केला" ही गोष्ट झाली. "छातीत दगड ठेवल्यासारखं वाटतंय" हे शरीराचं म्हणणं. इथेच बहुतेकांची गाडी घसरते, कारण आपल्याला गोष्ट सांगायची सवय असते. गोष्ट सुरू झाली की परत दगडाकडे या. तो किती मोठा आहे? हलतोय का? मिनिटभर नुसतं बघत राहा.

मग श्वास. चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर, असं पाचेक मिनिटं. उच्छ्वास सोडताना मेंदूपासून हृदय-पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव वाढतो आणि हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून बाहेरचा श्वास लांब. चक्कर आली तर थांबा.

खांदे-जबडा तरीही सुटत नसेल तर एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरची शंभरेक वर्षं जुनी युक्ती वापरा. तो स्नायू पाच-सात सेकंद मुद्दाम आवळा आणि एकदम सोडून द्या. वीसेक सेकंद तो सैलपणा अनुभवा. कमाटी बागेत सकाळी फिरून आल्यावर बाकावर बसून हे छान जमतं. लोक बघतील, बघू द्यात.

जाणीव फार तीव्र झाली तर तिच्यात बुडू नका. लक्ष तळपायांकडे किंवा खुर्चीला टेकलेल्या पाठीकडे न्या, आणि बरं वाटलं तरच परत या. पीटर लेव्हिन यांच्या 'सोमॅटिक एक्सपिरियन्सिंग' या मानसिक आघातावरच्या उपचारात अशी ये-जा मुद्दाम करवतात. या पद्धतीचे पुरावे अजून थोडे आहेत. आघातासाठी सीबीटीच्या (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणाऱ्या उपचाराच्या) काही पद्धती आणि ईएमडीआर (आठवण मनात धरून डोळ्यांची हालचाल करवणारा उपचार) यांचा अभ्यास बराच जास्त झाला आहे. त्यामुळे कुणी एका बैठकीत सगळं मोकळं करून देतो म्हणालं तर सरळ उठून या.

जुना अत्याचार, अपघात किंवा मृत्यू वर येत असेल तर एकट्याने खणत बसू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा आणि आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी विचारा, त्यात लाजायचं काही नाही. बोलायला लगेच कुणी हवं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे. आणि छातीत दाब येऊन हात किंवा जबडा दुखत असेल, घाम फुटत असेल, तर श्वास मोजू नका, 108 लावा.

काल ती ॲक्टिव्हा पुन्हा फाटकासमोर होती. खांदे वर चढले, मी ते सोडले, मग खाली जाऊन गाडी हलवायला लावली. आवाज थोडा चढलाच.