गॅलरीतली गांधीलमाशी नेमकी कोणती?

काळं-पिवळं काही उडताना दिसलं की आमच्या गोरेगावच्या बिल्डिंगमध्ये लगेच झाडू बाहेर येतो. मी गेली काही वर्षं याच गॅलरीत या गांधीलमाश्यांकडे बघत बसते. ओळखायला शिकणाऱ्याला मी पहिलं हेच सांगते, की पिवळ्या रंगावर जाऊ नका, तो बहुतेकींच्या अंगावर असतो. तो शरीरावर नेमका कुठे आहे, ते बघा.

आधी कंबर. मीटरच्या पेटीवर माती लिंपणारी कुंभारीण घ्या. छाती आणि पोट यांच्यामध्ये काडीसारखा लांब देठ, आणि तो पिवळा. बाकी अंग काळं, पाय काळे-पिवळे. हिचं शास्त्रीय नाव स्केलिफ्रॉन मद्रासपटानम. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने १७८१ मध्ये तिला मद्रासचं नाव दिलं, पण मुंबईतही ती घरचीच. मातीच्या खोल्यांत ती बधिर केलेले कोळी भरते, अंडं घालून तोंड बंद करते. उगाच अंगावर येत नाही, तिचं घर फोडू नका. तसाच देठ, पण सगळं अंग चकाकत्या निळ्या रंगाचं असेल तर ती कॅलिबियॉन. ती कुंभारणीची रिकामी घरंही वापरते.

मग पंख. बसल्यावर पंख लांबीत दुमडून अरुंद पट्टीसारखे दिसले, तर ती खऱ्या गांधीलमाश्यांच्या कुळातली. कुंभारीण पंख असे दुमडत नाही. ही खूण फोटोतही स्पष्ट दिसते, म्हणून मोबाईलवर झूम करून फोटो वरून एक आणि बाजूने एक काढा.

आता पोटाचे पट्टे. खिडकीच्या सज्जाखाली उघडं कागदी पोळं, त्यावर लालसर तपकिरी माश्या, पोटाच्या दुसऱ्या खंडाच्या (पोटाचे एकामागे एक भाग असतात, ते खंड) कडेला पिवळी रेघ, ही रोपालिडिया मार्जिनाटा. यांची राणी दिसायला इतरांसारखीच असते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गडगकरांनी यांचा अनेक वर्षं अभ्यास केला, आणि एकेक माशी ओळखू यावी म्हणून त्यांच्या अंगावर रंगाचे ठिपके दिले.

राणी वेगळी दिसत नाही हे मला ठाऊक नव्हतं तेव्हाची गोष्ट. अशाच एका पोळ्यावर एक भलीमोठी काळी माशी उतरली. मला वाटलं, हीच राणी. मी कौतुकाने बघत राहिले. ती एकेका घरात तोंड घालून अळ्या ओढून काढत होती, आणि बाकीच्या माश्या पोळं सोडून बाजूला बसल्या होत्या. ती व्हेस्पा ट्रोपिका होती, कागदी पोळ्यांवर धाड घालणारी. अजून वाईट वाटतं.

तिची खूण पक्की करून घ्या. अंग काळपट, आणि पोटाच्या दुसऱ्या खंडावर ठसठशीत पिवळा पट्टा. तिची धाकटी बहीण व्हेस्पा अफिनिस जराशी लहान, आणि तिचे पहिले दोन्ही खंड पिवळे-नारिंगी, पुढे सगळं काळं. खंड कंबरेकडून मोजायचे. या दोघींच्या पोळ्याजवळ मात्र जायचं नाही, फोटोसाठीही नाही. अफिनिसचं पोळं झाडाला चेंडूसारखं लटकतं. असं दिसलं तर मुलांना आधी लांब न्या.

आणि न्हाणीघराजवळ हिरवीगार, काचेसारखी चमकणारी, मधल्या आणि मागच्या पायांच्या मांड्या लाल असलेली माशी झुरळाला मिशीला धरून नेताना दिसली, तर तिला वाट द्या. ती अँप्युलेक्स कॉम्प्रेसा. त्या झुरळावरच तिची अळी वाढणार असते.