एलईडी होर्डिंगचं आर्टवर्क पाठवण्याआधी

फोटोशॉप उघडण्याआधी साइटवाल्याला, म्हणजे होर्डिंग चालवणाऱ्याला, फोन लावा आणि विचारा, पडदा किती बाय किती पिक्सेलचा आहे? तो बहुतेक फुटांत उत्तर देईल. पुन्हा विचारा. ‘चाळीस बाय वीस’ एवढं ऐकून कामाला लागणारे लोक फ्लेक्सच्या सवयीने लागतात, आणि ती सवय इथे कामाची नाही. फ्लेक्सवरचं बारीक अक्षर निदान जवळ गेल्यावर तरी वाचता येतं. एलईडीच्या जवळ गेलात तर नुसते दिवे दिसतात.

दोन ठिपक्यांमधलं अंतर म्हणजे पिच. पी१० म्हणजे १० मिलिमीटर, पी६ म्हणजे ६. पडदा कॅबिनेटं, म्हणजे दिव्यांच्या तयार पेट्या, जोडून उभा राहतो. समजा ९६० मिमीची चौरस कॅबिनेटं आडवी १२ आणि उभी ६ लावली आहेत. रुंदी झाली ११.५२ मीटर, उंची ५.७६ मीटर, आणि पिच १० असेल तर अख्ख्या जाहिरातीच्या वाट्याला आले ११५२ बाय ५७६ पिक्सेल. म्हणजे साडेसहा लाखांच्या आसपास ठिपके. मोबाइलवर काढलेला १२ मेगापिक्सेलचा साधा फोटो याच्या अठरापट असतो. पुढचे सगळे निर्णय या एका आकड्यावरून घ्यायचे, म्हणून तो साइटवाल्याकडून लेखी घ्या, ईमेल नाही तर निदान व्हॉट्सॲपवर.

कॅनव्हास बरोबर त्याच मापाचा, एकास एक. ३०० डीपीआय, ब्लीड, क्रॉप मार्क या छपाईतल्या गोष्टींचा इथे काही संबंध नाही. कलर मोड आरजीबी. मोठ्या मापाची फाइल दिली तर पुढे पडदा चालवणारा कंट्रोलर ती आपल्या परीने दाबून बसवतो आणि बारीक रेषांचं काय होईल ते तुमच्या हातात राहत नाही. कॅम्पेन तीन साइटवर असेल तर तीन वेगळी आर्टवर्क करा. वांद्र्याची साइट आडवी आणि घाटकोपरची उभी असेल तर तेच चित्र ताणून बसवू नका, मांडणी नव्याने करा. क्लायंटला याचे वेगळे पैसे लागतील हे कोटेशनमध्येच लिहा. नंतर सांगितलं की कटकट होते.

मग साइटवर एकदा जाऊन या, जमल्यास संध्याकाळी. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे मोकळा मिळाला आणि गाडी ताशी ६० ने चालली असेल तर ती सेकंदाला जवळजवळ १७ मीटर कापते. ३०० फुटांवरून, म्हणजे ९१ मीटरवरून, पडदा दिसायला लागला तर बघणाऱ्याकडे साडेपाच सेकंद आहेत. ट्रॅफिक तुंबला तर भरपूर वेळ मिळतो हे खरं, पण त्या भरवशावर डिझाइन करू नका. पडद्याचं तोंड पश्चिमेला असेल तर दुपारनंतरचं ऊन थेट त्यावर येतं. झाड, फ्लायओव्हरचा कठडा, मेट्रोचा खांब यांमुळे खालचा कोपरा झाकला जात असेल तर लोगो तिथे ठेवायचा नाही.

आता मजकूर. इथे मराठीत काम करणाऱ्याला इंग्रजीवाल्यापेक्षा जास्त हिशेब करावा लागतो. दर १० फूट अंतराला अक्षराची उंची १ इंच, असा एक ढोबळ नियम धंद्यात चालतो. ३०० फुटांसाठी ३० इंच, म्हणजे ७६ सेंटिमीटर, म्हणजे पी१० वर ७६ पिक्सेल. पण ही झाली शिरोरेषेपासून तळापर्यंतची उंची. वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, रुकार धरले की ओळीला १२० पिक्सेल तरी सोडावे लागतात. ५७६ मध्ये वर-खाली जागा सोडून अशा तीन ओळी मावतील, आणि तीन मावतात म्हणून तीन भरायच्याच असं नाही. ओळी एकमेकींना चिकटवल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो आणि लांबून दोन्ही शब्द जातात.

अक्षराचं वजन, म्हणजे रेषेची जाडी, जास्त घ्या. मुक्ता किंवा बालू यांसारख्या फाँटची बोल्ड वजनं चालतात. लाइट वजन आणि सुलेखनाची नाजूक टोकं चार-पाच पिक्सेलच्या खाली गेली की तुटतात. ‘ष्ट्र’, ‘द्ध’, ‘क्त’ ही जोडाक्षरं १००% झूमवर एकेक करून तपासा, आतली पोकळी बुजलेली नको. ल आणि श मराठी वळणाचे आहेत ना, तेही बघा. काही फाँट आपणहून हिंदी वळण देतात. क्लायंटने श्रीलिपीच्या जुन्या, बिगर-युनिकोड फाँटात टाइप करून पाठवलेला मजकूर कॉपी-पेस्ट करू नका, युनिकोडमध्ये नव्याने टाइप करा. इलस्ट्रेटरमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय चालू नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. शेवटची फाइल सपाट चित्र म्हणूनच द्या. आणि शुद्धलेखन डिझाइनरने स्वतः तपासू नये. ‘शुभेछ्या’ साडेअकरा मीटर रुंद दिसतं, तेव्हा कोणाला तरी मोठ्याने वाचायला लावा.

मजकूर कमी कसा करायचा? नाटकाची जाहिरात घ्या. वर्तमानपत्रात निर्माता, लेखक, दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाश, संगीत, सूत्रधार, कलाकार, तीन प्रयोग, फोन बुकिंग, सगळं बसतं. पडद्यावर नाटकाचं नाव, एक ओळखीचा चेहरा आणि ‘रविवारी दुपारी ४, शिवाजी मंदिर’, झालं. बाकीच्यांची नावं गाळल्याबद्दल फोन येतील. ते निर्मात्याने घ्यायचे. अमूलची होर्डिंग १९६० च्या दशकापासून एक चित्र, एक शाब्दिक कोटी आणि लोण्याचं नाव एवढ्यावर चालली आहेत. दहा आकडी मोबाइल नंबर चालत्या गाडीतून कोणी लिहून घेत नाही. तो काढा.

क्यूआर कोड मात्र काही वेळा काढता येत नाही. बिल्डरचं काम असेल तर महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाने, १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला आहे, आणि नोंदणी क्रमांकही लागतोच. साध्या कोडात २५ बाय २५ चौकोन, भोवती चारही बाजूंनी चार-चार चौकोनांची मोकळी जागा, म्हणजे ३३. प्रत्येक चौकोनाला चार पिक्सेल दिले तर १३२, म्हणजे पडद्यावर १.३२ मीटर. कोडाच्या दहापट अंतरावरून स्कॅन होतो असं धरलं तरी १३ मीटर, म्हणजे तो फुटपाथवरच्या माणसासाठीच आहे. लिंक लांब असेल तर चौकोन वाढतात, म्हणून लिंक आखूड घ्या. मोठं-लहान करताना पूर्ण पटीतच करा आणि कडा मऊ होऊ देऊ नका. ही जागा पहिल्या दिवशीच राखून ठेवा, नाहीतर शेवटी कोड टॉवरच्या गच्चीवर जाऊन बसतो.

रंगांबद्दल थोडक्यात. एलईडीवर काळं म्हणजे बंद दिवा, पांढरं म्हणजे सगळे दिवे पेटलेले. पांढरी पार्श्वभूमी दुपारी बरी वाटते, रात्री, त्यातून पावसात ओल्या काचेवर, डोळ्यांवर येते. गडद मरून, चॉकलेटी, जांभळा हे उन्हात काळ्यात जमा होतात. दादरच्या साडीवाल्याचं काम असेल तर पैठणीचा पदर जवळून घेतलेला दाखवा. अख्खी साडी नेसलेली मॉडेल दाखवली तर जरीची बुट्टी नुसती लुकलुकते, आणि बारीक चौकड्यांवर लाटा उठतात. साइटवाला दिवसाची आणि रात्रीची वेगळी फाइल घेत असेल तर दोन्ही करा.

तपासायची सोपी रीत. ११.५२ मीटरचा पडदा ९१ मीटरवरून पाहणं म्हणजे रुंदीच्या आठपट लांबून पाहणं. लॅपटॉपवर चित्र २४ सेंटिमीटर रुंद ठेवा, दोन मीटर मागे जा, पाच मोजा आणि पाठ फिरवा. काम न पाहिलेल्या माणसालाही हेच करायला लावा आणि काय वाचलं ते विचारा.

लूपमध्ये, म्हणजे पाळीपाळीने फिरणाऱ्या जाहिरातींच्या फेरीत, आठ जाहिरातदार आणि प्रत्येकी १० सेकंद असतील तर तुमची पाळी ८० सेकंदांनी येते. म्हणून पहिल्या फ्रेममध्ये सुरुवात आणि तिसऱ्यात नाव असली गोष्ट सांगू नका. नाव पहिल्या क्षणापासून दिसलं पाहिजे. हलतं चित्र चालतं की फक्त स्थिर, हे साइटनुसार ठरतं. स्थिर असेल तर पीएनजी किंवा उत्तम दर्जाची जेपीजी, हलतं असेल तर आवाज काढलेली एमपी४, लांबी स्पॉटइतकीच. फाइलच्या नावात क्लायंट, साइट, पिक्सेल, तारीख हवी. ‘फायनल_फायनल_२’ नावाची फाइल कोणत्या पडद्यावर जाईल ते देव जाणे.

साइटचा महापालिकेचा परवाना चालू आहे ना, हेही विचारा. १३ मे २०२४ ला घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली, त्यानंतर हा प्रश्न विचारायला संकोच करण्याचं कारण उरलेलं नाही.

जाहिरात लागली की दिवसाचा एक आणि रात्रीचा एक फोटो मागवा, बिलाला जोडायला लागतो. फोटोत आडवे काळे पट्टे दिसले तर लगेच साइटवाल्याशी भांडू नका. शटर १/५० किंवा त्याहून हळू ठेवून पुन्हा काढायला सांगा, बहुतेक वेळा पट्टे जातात. तरीही एखादा चौकोन काळाच दिसला तर मॉड्यूल, म्हणजे दिव्यांचा तेवढा तुकडा, गेलेलं आहे. ते बदलून घ्या आणि तेवढे दिवस वाढवून मागा.