सवलतीच्या फळीवरची मिरची

नर्सरीत शिरले की माझे पाय आपोआप मागच्या बाजूला वळतात. पुढे टवटवीत रोपांच्या रांगा असतात. मागे नळाजवळ एका फळीवर मान टाकलेली, पिवळी पडलेली, नावाची पट्टी हरवलेली रोपं अर्ध्या किमतीला काढून ठेवलेली असतात. आजवर मी नऊ मिरच्या आणल्या, त्यातल्या सात त्या फळीवरच्या. पूर्ण किमतीला घेतलेल्या दोन, आणि त्यातली एक मेली.

घेण्याआधी एवढंच शोधून काढायचं, की हे रोप स्वस्त का झालं? तहानेनं, भुकेनं किंवा मुळांच्या दाटीनं झालं असेल तर खुशाल घ्या. ही तिन्ही दुखणी घरी बरी होतात. कीड असेल तर जरा विचार करा. विषाणू असेल तर हात न लावता पुढे चला.

आधी कुंडी उचलून पाहा. हलकी लागली आणि पानं लोंबत असतील तर रोप नुसतं तहानलेलं आहे, संध्याकाळपर्यंत ताठ उभं राहील. कुंडी जड, माती ओली आणि तरीही पानं लोंबलेली? मग मुळं कुजली आहेत. असं रोप फुकट मिळालं तरी मी घेत नाही. नंतर पिवळेपणा कुठे आहे ते बघा. खालची जुनी पानं पिवळी आणि शेंडा हिरवा असेल तर ती नत्राची भूक. रोप जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या पानांना देतं, म्हणून खालची आधी पिवळी पडतात. खत मिळालं की नवी पानं हिरवीगार येतात, जुनी मात्र गळतातच.

मग पान उलटं करा. लोक नेमकं हेच करत नाहीत. मी पर्समध्ये एक पांढरा कागद ठेवते, तो शेंड्याखाली धरून फांदीला दोन टिचक्या मारते. कागदावर बारीक पिवळसर रेघा चालायला लागल्या तर ते फुलकिडे. पानांच्या कडा वर वळून होडीसारख्या झाल्या असतील तर बहुधा यांचंच काम. कडा खाली वळल्या असतील तर कोळी या किडीचा (माइट) संशय घ्यायचा, आणि ती इतकी बारीक असते की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. कोवळ्या शेंड्यावर दाटीनं बसलेला मावा मला तेवढा भीतीदायक वाटत नाही, पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं निम्मा तरी जातो. पण पानं बारकी, गोळा झालेली, सुरकुतलेली, रोप खुरटलेलं आणि हलवल्यावर पांढऱ्या माश्या उडाल्या तर तो चुरडामुरडा समजा. पांढरी माशी हा विषाणू एका रोपावरून दुसऱ्यावर नेते आणि त्यावर औषध नाही. असं एक रोप मी केवळ दया येऊन उचललं होतं. महिन्याभरात घरच्या पाच चांगल्या मिरच्या उपटून टाकाव्या लागल्या. ती दया मला पूर्ण किमतीपेक्षा महाग पडली.

शेवटी कुंडी आडवी करून, बुंधा दोन बोटांत धरून रोप हळूच बाहेर सरकवा. (दुकानदाराला आधी विचारा. मी एकदा न विचारता केलं आणि बोलणी खाल्ली.) मुळं पांढरी, पण कुंडीच्या आकारात गोल गोल गुंडाळलेली असतील तर उत्तम, हीच दाटी. तपकिरी, बुळबुळीत आणि वास येणारी असतील तर परत ठेवा. मिरच्यांनी लगडलेल्या रोपाला भुलू नका. एवढ्याशा कुंडीत त्यानं सगळी ताकद फळांत घातलेली असते. त्यापेक्षा बुटकं, जाड बुंध्याचं, एकही फूल नसलेलं रोप मी आधी उचलते.

घरी आणलं की दोन आठवडे बाकीच्या झाडांपासून लांब. पहिल्या दिवशी पानांची खालची बाजू पाण्यानं धुवायची आणि कुंडी पाण्याच्या बादलीत ठेवायची. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एकदा कोरडं झालं की वरून घातलेलं पाणी कडेनं निसटून जातं, आतला गोळा कोरडाच राहतो. बादलीत बुडबुडे थांबले की कुंडी काढून निथळू द्या. मावा किंवा पांढरी माशी दिसली तर लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि चमचाभर सौम्य साबण घालून संध्याकाळी फवारा, आठवड्यानं पुन्हा. भर उन्हात फवारलंत तर पानं करपतात.

रोपावर आधीच मिरच्या असतील तर त्या तोडून टाका, खाऊ नका. शोभेची म्हणून विकलेल्या रोपांवर काय फवारलंय ते आपल्याला माहीत नसतं. फुलंही खुडा. जीव तुटतो, पण महिनाभर मुळं आणि फांद्या वाढू देत.

कुंडी बदलायची ती संध्याकाळी. गुंडाळलेली मुळं बोटांनी सैल करा, फारच घट्ट असतील तर गोळ्याला तीन-चार ठिकाणी उभी चीर द्या. नवी कुंडी लगेच बादलीएवढी नको. न वापरलेली ओली माती मुळांभोवती राहिली की ती कुजतात. आधी दोन बोटं मोठी आणि वाढ धरल्यावर 10 ते 12 इंची. तळाला भोकं हवीतच. मी निम्मी माती आणि उरलेल्यात कंपोस्ट व कोकोपीट सारखं घेते. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोट लावताच फुटावा, मापं याच्यापुढे नाहीत. एकाच कुंडीत तीन-चार रोपं कोंबलेली असली तर सशक्त ठेवून बाकीची बुडाशी कापा. उपटलीत तर राहिलेल्याची मुळंही तुटतात.

मग चार-पाच दिवस सावली, नंतर सकाळचं कोवळं ऊन आणि आठवड्यानं पूर्ण. मिरचीला रोज सहा तास तरी ऊन लागतं. नुसतीच उंच गेलेली काडी असेल तर शेंडा खुडा, बगलेतून फांद्या फुटतात. खत मात्र नवी पानं दिसल्यावरच. आजारी मुळांना खत घालणं म्हणजे तापात जेवायला बसवणं. पुढेही नत्र जपून घाला, नाहीतर झुडूप हिरवंगार होतं आणि फळाचं नाव नाही. फुलं लागली की पोटॅश वाढवा. पाणी बोट खुपसून बघून घालायचं, पहिलं पेर कोरडं लागलं तरच. कधी पूर, कधी दुष्काळ असं चाललं की मिरचीच्या टोकाला काळा डाग पडतो, कारण कॅल्शियम पाण्याबरोबरच फळापर्यंत पोचतं.

फुलं गळायला लागली तर आधी हवामान बघा. दिवसा 35 अंशांच्या वर किंवा रात्री 15 च्या खाली गेलं की फूल टिकत नाही, त्यात तुमचा दोष नाही. वारा नसलेल्या गॅलरीत फांदीला टिचकी मारली की परागकण झडतात आणि काम होतं.

पट्टी हरवलेल्या रोपाची ओळख फुलावरून थोडीफार पटते. लागवडीतल्या मिरच्यांच्या प्रजाती पाच. फांदीच्या पेरावर, म्हणजे पान फुटतं त्या सांध्यावर, एकेकटं पांढरं फूल असेल तर बहुधा नेहमीची अ‍ॅन्युअम. एका पेरावर दोन-तीन फुलं असतील तर चायनेन्स असू शकते, आणि जगातल्या अतितिखट मिरच्या त्यातल्याच. पाकळ्यांवर पिवळे-हिरवे ठिपके असतील तर बॅकॅटम. जांभळं फूल आणि काळं बी असलेली प्युबेसेन्स मला अजून त्या फळीवर भेटलेली नाही.

बिनपट्टीच्या एका रोपाला पहिलं फळ लागलं तेव्हा मी टोकाचा तुकडा चावून बघितला. काहीच नाही. ‘गोडी निघाली,’ म्हणत देठाकडचा तुकडाही तोंडात टाकला. तिखटपणा बियांत नसतो, बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गाभ्यात असतो, हे मला पाठ होतं. तरी दोन तांबे पाणी प्यायले. मिरचीला तिखट करणारं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, हेही पाठ होतं. शेवटी दुधानं निभावलं.