सिरिंज भरण्याआधी बाटली वाचा

ठाण्यातील एका रुग्णालयाच्या बालरुग्ण विभागात मी जीएनएम ही नर्सिंगची पदविका पूर्ण करून रुजू झाले, तेव्हा मला औषधांच्या हिशेबाची धास्ती नव्हती. त्रैराशिक शाळेपासूनच पक्के होते. चूक झाली ती बाटली वाचण्यात. १० किलो वजनाच्या बाळाला किलोमागे १५ मिलिग्रॅम या हिशेबाने १५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल द्यायचे होते. वॉर्डात नेहमी ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेले सिरप येत असे, त्यामुळे ‘६ मिली’ हा आकडा तोंडपाठ झाला होता. त्या रात्री कपाटात ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेली बाटली होती आणि मी सवयीने ६ मिलीच भरले. इन्चार्ज सिस्टरांनी माझा हात धरून एवढेच सांगितले, "लेबल मोठ्याने वाच." बाळाच्या पोटात ३०० मिलिग्रॅम, म्हणजे बरोबर दुप्पट औषध जाणार होते.

सूत्र सोपे आहे: हवी असलेली मात्रा भागिले बाटलीवरची मात्रा, गुणिले ती मात्रा जेवढ्या मिलिलिटरमध्ये आहे तो आकडा. त्याच १५० मिलिग्रॅमसाठी १२५ च्या सिरपचे ६ मिली, २५० च्या सिरपचे ३ मिली आणि १ मिलीत १०० मिलिग्रॅम असलेल्या ड्रॉप्सचे अवघे दीड मिली लागतात. म्हणूनच ‘किती मिली देऊ?’ असे नवीन मुलींनी विचारले, की मी आधी बाटली मागते.

एककांचे रूपांतर भागाकाराच्या आधी उरकावे. १ ग्रॅम म्हणजे १००० मिलिग्रॅम आणि १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. डिगॉक्सिनसारख्या हृदयाच्या औषधाची ऑर्डर ०.१ मिलिग्रॅम आणि बाटलीवर मिलीमागे ५० मायक्रोग्रॅम असेल, तर आधी १०० मायक्रोग्रॅम असे लिहावे, मगच २ मिली हे उत्तर काढावे. दशांशचिन्ह एक घर सरकले की मात्रा दहापट होते, त्यामुळे ‘.५’ न लिहिता ‘०.५’ लिहावे आणि ‘५.०’ मधले शून्य गाळावे, कारण घाईच्या अक्षरात त्याचे ५० होतात. अशा औषधांचा हिशेब दुसऱ्या सिस्टरने स्वतंत्रपणे करून पाहावा. आपले उत्तर तिला आधी सांगू नये.

घरच्या चमच्याचा भरवसा धरू नये, कारण प्रत्येक घरातला चमचा वेगळा. वागळे इस्टेटमधून नातवाला घेऊन आलेल्या एका आजींना मी सिरिंजवर पेनाने खूण करून दिली होती. नंतर लक्षात आले, की दुकानदाराने वेगळ्या ताकदीची बाटली दिली तर तीच खूण घात करील. तेव्हापासून डिस्चार्जच्या कागदावर मिलिलिटरशेजारी बाटलीची ताकदही लिहून देते.