सहाचाकी उभयचर गाडी : वळताना चेन उडत असेल तर आधी फ्रेम बघा

गाडी जुनी, कॅनडात ऑन्टॅरिओच्या दलदलीत वापरलेली. लक्षण असं: सरळ जाताना गप्प, पण डावीकडच्या मधल्या ॲक्सलची चेन वळताना कटकट करत दात सोडायची.

टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) आवळला, दोन दिवस बरं. नवी चेन घातली, पुन्हा तेच. महिनाभर डोकं फिरलं होतं.

शेवटी मधलं चाक जॅकवर उचलून पहारीने मागेपुढे रेटलं. बेअरिंगसकट ॲक्सल हलत होता! तळाशी साचलेल्या पाण्याने बेअरिंग धरणारा फ्रेमचा चॅनल गंजला होता आणि बोल्टची भोकं लांबट झाली होती. नवी चेन निर्दोष होती.

मग क्रमाने: बॅटरीच्या तारा काढल्या. चाक, चेन, ॲक्सल बाहेर. गंज ग्राइंडरने चकचकीत लोखंडापर्यंत. प्लॅस्टिकचा टब वितळू नये म्हणून ओली गोणपाटं (हे विसरू नका). ५ मिमीची पट्टी वेल्ड केली. भोकं मात्र उजव्या बाजूवरून पुठ्ठ्याचा साचा काढून, तो उलटा ठेवून पाडली. प्रायमर, रंग. नवी बेअरिंग, नवे सील, ग्रीस.

जुने स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं) नव्या चेनला खातात, म्हणून तेही बदलले. नव्या ५० नंबर चेनच्या १६ कड्या ताणून २५४ मिमी भरतात. माझी जुनी २६१ होती. जोडकडीच्या क्लिपचं बंद टोक चेन पुढे धावते त्या दिशेला. मधोमध बोटाने दाबून साधारण १२ मिमी ढील ठेवली.

तळाचं ड्रेन बूच आता प्रत्येक फेरीनंतर उघडतो.