साहेबाची टोचणी वाचताना

जळगाव-धुळ्याकडे इंग्रजी घेऊन एम.ए.ला येणारी बरीच मुलं घरी अहिराणी बोलणारी. वसाहतकालीन साहित्याचा पेपर दिसला की आधी बाजारातल्या नोट्स गोळा होतात. माझं ऐकाल तर सुरुवात इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेलच्या ‘शूटिंग अ‍ॅन एलिफंट’ या 1936च्या निबंधापासून करा. छोटा आहे, एका बैठकीत होतो.

ऑर्वेल 1922 ते 1927 ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी होता. निबंधातल्या साहेबाला साम्राज्य मनातून नकोसं झालंय. तरी गर्दीपुढे हसं होऊ नये म्हणून तो शांत उभ्या हत्तीवर गोळी झाडतो. नोट्स इथे ‘अपराधभाव’ लिहून मोकळ्या होतात. तुम्ही शेवट वाचा. हत्तीने एका मजुराला चिरडलेलं असतं, आणि तो मजूर मेला याचं साहेबाला बरंच वाटतं, कारण त्यामुळे हत्ती मारणं कायद्यात बसतं. त्या मजुराला निबंधभर नाव नाही. टोचणी खोटी नाही, पण ती साहेबाच्या स्वतःभोवतीच फिरते. मी सेमिनारला हे मांडलं, तर अर्धा वर्ग ऑर्वेलची वकिली करायला उठला. चर्चा रंगली, हे मात्र खरं.

हे लांबचं वाटत असेल तर आपलं धरणगाव घ्या. 1825मध्ये कंपनीच्या फौजेतला अधिकारी जेम्स आउट्रमने इथे खानदेशात भिल्ल पलटण उभारली: आधी भिल्लांवर चाल, मग त्यांचीच भरती. पुढे सिंध बळकावला गेला तेव्हा हाच माणूस त्याविरुद्ध उघड बोलला, लुटीतला आपला वाटाही त्याने दानात देऊन टाकला. आणि 1856मध्ये अवध खालसा झालं तेव्हा लखनौचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, कोण? तोच! मन खातं आणि नोकरीही चालू राहते, हे मला कादंबऱ्यांपेक्षा आउट्रमने जास्त शिकवलं.

‘अ पॅसेज टू इंडिया’वाला फॉर्स्टर सगळेच घेतात, त्याला थोडं थांबवा. प्रकल्पासाठी नायजेरियन लेखक चिनुआ अचेबेची 1958ची कादंबरी ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ घ्या. तिच्या शेवटी गोरा कमिशनर कादंबरीच्या नायकाला, ओकोन्क्वोला, आपल्या पुस्तकात एखादा परिच्छेद देऊ, असं ठरवतो. मग 1880चं खानदेश गॅझेटिअर, म्हणजे इंग्रज सरकारचा जिल्ह्याचा माहितीग्रंथ, उघडा आणि भिल्लांना, 1857च्या उठावातला त्यांचा नेता खाज्या नाईकाला तिथे किती ओळी मिळाल्या, त्या कोणाच्या तोंडून आल्या, ते टिपा. सातपुड्याकडचा मित्र असेल तर त्याच्या आजोबांनाही विचारा. प्रकल्पाचे मार्गदर्शक आधी कपाळाला आठ्या घालतील, ‘हे साहित्य की इतिहास?’ म्हणतील. तेव्हा अचेबेचं ते शेवटचं पान पुढे करा.