ट्रॅकिऑस्टॉमीतून रक्त आलं? या चुका टाळा

"सक्शनचं (नळीने आतला स्राव ओढून काढतानाचं) खरचटलं असेल, थांबलं आता." बहुतेक वेळा हे खरंच असतं, म्हणून ते सगळ्यांना पटतं. पण ट्रॅकिऑस्टॉमीनंतर, म्हणजे गळ्यातून श्वासनळीला छिद्र पाडून ट्यूब बसवल्यानंतर, तिसऱ्या दिवसापासून साधारण सहा आठवड्यांपर्यंत १० मिलीहून जास्त ताजं लाल रक्त आलं, तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत ते इनॉमिनेट धमनीचंच धरायचं. ही मोठी धमनी श्वासनळीच्या पुढून आडवी जाते. ट्यूबचं टोक किंवा फुगलेला कफ (ट्यूबभोवतीचा हवेचा फुगा) आतून घासत राहिला की दोघींच्या मध्ये भोक पडतं. शंभरात एकालाही क्वचितच होतं, पण शस्त्रक्रिया झाली नाही तर रुग्ण हमखास जातो.

पहिली आणि सगळ्यात महागडी चूक म्हणजे थांबलेल्या रक्तावर विश्वास ठेवणं. जवळपास निम्म्या रुग्णांत मोठ्या रक्तस्रावाआधी असा छोटा इशारा येऊन जातो. रक्त थांबलंय तोवरच ईएनटी (कान-नाक-घसा) आणि कार्डिओथोरॅसिक (हृदय-छातीच्या) सर्जनना फोन करायचा, क्रॉसमॅच (जुळणाऱ्या रक्तासाठीची तपासणी) पाठवायचं आणि ओटीला (ऑपरेशन थिएटरला) कळवायचं. ट्यूब नाडीबरोबर हलताना दिसली तर तेही लिहून ठेवून सोडून द्यायचं नाही, सीनियरला उठवायचं. पहिल्या दोन दिवसांतलं रक्त बहुधा जखमेच्या कडेचं, पुढच्या शिरांचं किंवा थायरॉइडचं असतं. त्याची भीती कमी, पण तपासणी हवीच.

धो धो रक्त सुरू झालं की दोन चुका हमखास होतात. बाहेरून गॉझ कोंबतात. बाहेर कोरडं दिसतं आणि रक्त फुप्फुसात उतरत राहतं. या रुग्णांचा जीव अनेकदा रक्त संपून नव्हे, तर त्यात गुदमरून जातो. दुसरी चूक, घाबरून ट्यूब काढून टाकणं. आधी १०० टक्के ऑक्सिजन आणि कफमध्ये हळूहळू जास्त हवा, ३५ ते ५० मिलीपर्यंत. तेवढ्याने दाब बसला तर ट्यूबला हात न लावता थेट ओटी.

नाही थांबलं तर अनुभवी हाताने तोंडातून ट्यूब घालायची, तिचा कफ रक्तस्रावाच्या खाली न्यायचा आणि त्यानंतरच गळ्यातली ट्यूब काढायची. मग स्टोमातून (गळ्यावरच्या छिद्रातून) तर्जनी श्वासनळीच्या पुढच्या बाजूने खाली सरकवून धमनी छातीच्या हाडाच्या मागच्या पृष्ठभागावर दाबून धरायची. बोट मागे, मणक्याकडे दाबणं ही नवख्यांची नेहमीची गल्लत. एकदा दाब बसला की ओटीत सर्जन सांगेपर्यंत बोट हलवायचं नाही, ट्रॉलीवरही नाही.

स्थिर नसलेल्या रुग्णाला सीटी अँजिओला (रक्तवाहिन्यांच्या स्कॅनला) नेणं हा निव्वळ वेळेचा अपव्यय. आर्टेरिअल लाइन (रक्तदाब सतत मोजणारी धमनीतली नळी) डाव्या हाताला घाला. ही धमनी बांधल्यावर उजव्या हातातला दाब खरं सांगत नाही.

बाकी, कफचा दाब २० ते ३० सेंमी पाणी या मर्यादेत आहे ना, हे दर शिफ्टला मॅनोमीटरने (दाबमापकाने) बघा. ट्यूबच्या बाहेरचा छोटा फुगा बोटांनी चेपून 'ठीक वाटतोय' म्हणणं चालणार नाही.